नव्या ऑफिसात मैत्री: जमवायची कशी, जपायची कशी

नवीन नोकरीत रुजू झालं की ओळखपत्र, लॅपटॉप, पासवर्ड, रजेचे नियम या सगळ्याची यादी हातात पडते. कोणाशेजारी बसावं, कोणाला किती सांगावं, ज्याच्याशी गट्टी जमली त्याच्याच कामात चूक सापडली तर काय करावं, हे मात्र कोणी सांगत नाही. ज्याने त्याने ठेचकाळत शिकायचं असं गृहीत धरलेलं असतं. हे ठेचकाळणं थोडं तरी वाचावं म्हणून पायरीपायरीने लिहीत आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मैत्रीचा हिशोब आणि नोकरीचा हिशोब वेगळा असतो. मित्र आपण निवडतो, सहकारी नेमून दिलेले असतात. मैत्रीत दोघं बरोबरीचे, नोकरीत पदांची उतरंड. मित्रासाठी घातलेला वेळ कोणी मोजत नाही, नोकरीत तास, रजा, उद्दिष्टं, पगारवाढ सगळं मोजलेलं. ज्युलियाना पिलेमर आणि नॅन्सी रॉथबार्ड या संशोधकांनी २०१८ साली ही ओढाताण नेमकेपणाने मांडली. हे दोन हिशोब एकमेकांत मिसळले की भीड तयार होते. काम कच्चं आहे हे दिसतं, पण बोलवत नाही. रजा देणं अवघड आहे हे कळतं, पण नाही म्हणवत नाही. ऑफिसातली मैत्री बिघडते ती बहुतेक वेळा या भिडेपायी, आणि तिच्याबरोबर कामही बिघडतं.

म्हणून चार हात लांब राहणं हा उपाय नव्हे. दिवसाचे आठ-नऊ तास जिथे जातात तिथे मनमोकळं बोलायला एकही माणूस नसेल तर ते तास फार जड जातात. शिवाय कागदावरची रचना कशीही असली तरी अडलेलं काम पुढे सरकतं ते ओळखीवर. कुठली फाइल कोणाकडे अडकली आहे आणि कोणाला एक फोन केला तर ती हलेल, हे रचनेच्या तक्त्यात लिहिलेलं नसतं. गॅलप ही सर्वेक्षण संस्था कर्मचाऱ्यांना जे बारा ठरावीक प्रश्न विचारते, त्यांतला एक ‘कामाच्या ठिकाणी तुमचा जिवलग मित्र आहे का’ असाच आहे.

हाताशी काय असावं

- कंपनीची नियमपुस्तिका किंवा आचारसंहिता. ती सगळी वाचायचा कंटाळा आला तरी तीन भाग वाचाच: हितसंबंधांचा संघर्ष, माहितीची गोपनीयता आणि भेटवस्तू. नातेवाईक किंवा जवळचे संबंध लेखी कळवावे लागतात का, तेही त्यातच असतं.
- विभागाचा तक्ता, म्हणजे कोण कोणाच्या हाताखाली आहे. छापील मिळाला नाही तर पहिल्या आठवड्यात स्वतः काढा.
- एक खिशात मावणारी वही, नावांसाठी. लोकांच्या खासगी गोष्टी तिच्यात लिहू नका. वही टेबलावर राहते आणि उघडली जाते.
- बोलण्यासाठी ऑफिसच्या बाहेरचं एक साधन, म्हणजे स्वतःचा फोन. ऑफिसच्या चॅटवरचा आणि ईमेलवरचा मजकूर कंपनीचा असतो आणि गरज पडल्यास तो उघडून वाचला जाऊ शकतो, असंच धरून चाला.
- रोजची वीस मिनिटं. ही सगळ्यांत महत्त्वाची, आणि पहिल्यांदा हीच गळतात.

१. पहिला आठवडा: जागा आणि नावं

मैत्री स्वभाव जुळल्यामुळे होते असं आपण मानतो. त्याच्या आधी जागा जुळावी लागते. अमेरिकेतल्या एमआयटीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक यांनी केलेला अभ्यास १९५० साली प्रसिद्ध झाला. अगदी शेजारच्या दारातल्यांपैकी ४१ टक्के एकमेकांना जवळचे मित्र म्हणत होते. मध्ये एक दार आलं की हा आकडा २२ टक्क्यांवर आला आणि त्याच मजल्यावरच्या दुसऱ्या टोकाला १० टक्क्यांवर. घरं लोकांनी निवडलेली नव्हती, वाटून मिळालेली होती, हे विशेष. पुढे थॉमस ॲलन यांना इंजिनिअरांच्या बाबतीत हेच दिसलं: टेबलांमधलं अंतर वाढेल तसं बोलणं झपाट्याने घटतं, आणि साधारण ५० मीटरच्या पलीकडे नियमित बोलणं जवळपास थांबतंच.

याचा उपयोग असा करा. जागा निवडायची मुभा असेल तर कोपरा घेऊ नका. पाण्याच्या जागेकडे, प्रिंटरकडे किंवा दाराकडे जाणाऱ्या वाटेवरची खुर्ची घ्या. मुभा नसेल तर रोजची वाट बदला, जिन्याकडे जाताना दुसऱ्या विभागातून जा. नुसतं रोज दिसत राहण्यानेही परकेपणा कमी होतो.

नावांसाठी पहिल्या आठवड्याचं लक्ष्य सहा माणसं, त्याहून जास्त नको. दोन तुमच्या गटातली. एक अशी व्यक्ती जिच्याकडून तुमच्याकडे काम येतं आणि एक अशी जिच्याकडे तुमचं काम जातं. एक संगणक दुरुस्ती, लेखा किंवा प्रवेशद्वारावरच्या सुरक्षेतली. आणि सहावी व्यक्ती तुमच्यासारखीच नवी. या सहाव्या माणसाला कमी लेखू नका. जुन्यांचे गट आधीच बसलेले असतात, दोन नवख्यांना मात्र एकमेकांची गरज असते.

नाव विसरलात तर लगेच विचारा. ‘माफ करा, तुमचं नाव निसटलं माझ्याकडून’ हे दुसऱ्या दिवशी सहज खपतं, चार महिन्यांनी खपत नाही. नावाचा उच्चार अवघड असेल तर त्यांच्याच तोंडून दोनदा ऐकून घ्या.

२. पहिला महिना: मदत मागा, पण लहान

नवखी माणसं ओळख वाढवण्यासाठी दुसऱ्याच्या कामाला धावतात आणि स्वतःला काही लागलं तर गप्प बसतात. थोडं उलटं करून पाहा. जेकर आणि लँडी यांच्या १९६९ सालच्या प्रयोगात, ज्यांच्याकडे संशोधकाने वैयक्तिक विनंती करून बक्षिसाचे पैसे परत मागितले, त्यांनाच तो संशोधक इतरांपेक्षा जास्त आवडला. आपण ज्याला मदत करतो त्याच्याबद्दल आपुलकी वाटू लागते, ती अशी.

मागायची मदत तीन कसोट्यांवर उतरली पाहिजे. ती पाच मिनिटांत होणारी असावी. ती नेमकी असावी: ‘हे सॉफ्टवेअर शिकवता का?’ असं न विचारता ‘महिन्याचा अहवाल काढताना तारीख कुठे बदलायची तेवढं दाखवता का?’ असं विचारावं. आणि तिचं पुढे काय झालं ते त्या माणसाला परत जाऊन सांगावं. हे तिसरं बहुतेकजण विसरतात. ‘काल तुम्ही दाखवलंत तसं केलं, अहवाल एका झटक्यात निघाला’ या एका वाक्यासाठी पुन्हा त्यांच्या टेबलापाशी जाणं, हीच ओळखीची दुसरी भेट.

इथे फसतं कुठे? दर वेळी एकाच माणसाला पकडलं तर तो आठवडाभरात कंटाळतो. नियमपुस्तिकेत लिहिलेलं विचारलं तर आळशी ठरता. आणि हेडफोन लावून बसलेल्या किंवा महिनाअखेरीच्या घाईतल्या माणसाला मध्येच तोडलं तर मदत मिळते, ओळख मात्र बिघडते. ‘आत्ता की जेवणानंतर?’ एवढं विचारलं तरी भागतं.

३. दुसरा ते सातवा महिना: तास भरू द्या

इथे लोक धीर सोडतात. दीड-दोन महिने झाले, सगळे हसून बोलतात, पण आपलं म्हणावं असं कोणी नाही, म्हणजे आपल्यातच काही कमी असणार असं वाटू लागतं. आकडेमोड करून पाहा, जीव हलका होईल. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ साली मांडलेला अंदाज असा: नुसत्या ओळखीचं सैलसर मैत्रीत रूपांतर व्हायला सुमारे ५० तास लागतात, मैत्री म्हणावी इतकं जवळ यायला सुमारे ९० आणि घट्ट मैत्रीला २०० हून अधिक. शिवाय निव्वळ शेजारी बसून काम करण्याचे तास फारसे उपयोगी पडत नाहीत. कामापलीकडचं बोलणं, एकत्र हसणं, नुसतं सोबत असणं यांचे तास मोजायचे.

आता रोजची वीस मिनिटं धरा. आठवड्याचे पाच दिवस म्हणजे १०० मिनिटं. ५० तासांना होतात ३० आठवडे, म्हणजे जवळपास सात महिने, आणि तेही सैलसर मैत्रीसाठी. दुसऱ्या महिन्यात कोणी जिवलग नसणं हा दोष नाही, तेवढे तासच भरलेले नाहीत.

तास भरायची चांगली जागा म्हणजे दोन कामांमधली फट. बैठकीला पाच मिनिटं आधी जाऊन बसा. जेवणाची सुट्टी टेबलावर एकट्याने उरकू नका. घरी जायची वाट एक असेल तर आठवड्यातून दोनदा सोबत निघा. एखादं लांबलचक, कंटाळवाणं काम दोघांनी वाटून घ्या, कपाट लावणं, जुनी कागदपत्रं वेगळी करणं. हात चालू आणि तोंड मोकळं असलं की बोलणं आपोआप निघतं. कार्यालयाने ठरवलेल्या सहलीने मात्र फार काही होत नाही. एका दिवसाचे आठ तास आणि वीस-वीस मिनिटांचे आठ तास सारखे नसतात, कारण पुढच्या भेटीत मागचा धागा धरण्यातूनच जवळीक वाढते. ‘परवा म्हणत होतात, धाकट्याची परीक्षा आहे, कशी झाली?’ हा प्रश्न सहलीत विचारता येत नाही.

माणसं दोन किंवा तीन पुरेत. जेसिका मेथॉट आणि सहकाऱ्यांच्या २०१६ सालच्या अभ्यासात ज्यांच्या कामाच्या ओळखी मैत्रीतही बदललेल्या होत्या, त्यांचं काम सरस दिसलं, पण त्याच मैत्र्या सांभाळण्याचा मानसिक थकवाही दिसला. दहा जणांचं सुखदुःख रोज ऐकून मग स्वतःचं काम करायला बळ उरत नाही.

४. किती सांगावं: एका वेळी एकच पायरी

मनातलं सांगण्याच्या चार पायऱ्या धरा.

पहिली, आवडीनिवडी: काय वाचता, काय पाहता, सुट्टीत काय करता. ही पहिल्या दिवसापासून चालते.

दुसरी, कामातल्या स्वतःच्या अडचणी: ‘मला या तक्त्यातलं अजून कळत नाही.’ महिनाभरात.

तिसरी, घरची परिस्थिती, आजारपण, काळज्या. काही महिन्यांनी, आणि समोरच्याने त्याचं काही सांगितल्यावर.

चौथी, पगार, वरिष्ठांबद्दलची नाराजी, दुसरी नोकरी शोधत असल्याची बातमी. ही वर्षभर राखून ठेवा, आणि शेवटची शक्यतो राजीनामा देईपर्यंत.

पायरी चढल्यावर थांबा. समोरचाही त्याच पायरीवर आला तर पुढे जा. तुम्ही घरचं सांगितलं आणि उत्तर ‘अच्छा, बरं’ एवढंच आलं तर तो नकार समजा आणि पुन्हा पहिल्या पायरीवरचं बोला. नकार म्हणजे अपमान नाही. कित्येकांना ऑफिस आणि घर वेगळं ठेवायचं असतं, आणि त्यांचा तो हक्क आहे. कोणी नाही म्हटल्यावरही आग्रह धरणं, घरी किंवा रात्री-अपरात्री संदेश पाठवणं ही मैत्री नव्हे. नियमांनुसार तो त्रास ठरू शकतो.

आता सगळ्यांत मोठा सापळा. दोन माणसं सगळ्यांत लवकर जवळ येतात ती तिसऱ्याची निंदा करताना. तुम्ही नवे आहात हे पाहून पहिल्याच आठवड्यात कोणीतरी खुर्ची जवळ ओढेल आणि ‘त्या अमक्यापासून जपून राहा हं’ असं सांगेल. क्षणभर वाटतं, आपल्याला विश्वासात घेतलं. तसं नसतं. जो तुमच्यापाशी दुसऱ्याची चुगली करतो, तो दुसऱ्यापाशी तुमची करणारच. भांडायची गरज नाही. ‘हो का, माझा अजून संबंध आला नाही त्यांच्याशी’ म्हणा आणि विषय कामावर आणा. दोन-तीनदा असं झालं की तो स्वतःच दुसरा श्रोता शोधतो.

माणूस पारखायची साधी खूण हीच आहे: तो गैरहजर माणसाबद्दल कसं बोलतो ते ऐका.

५. कंपू होऊ देऊ नका

गट्टी जमली, चार-पाच जण रोज एकत्र बसू लागले. छान. इथूनच कंपू व्हायला सुरुवात होते, आणि आत बसलेल्यांना ते कळत नाही.

शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात कामगारांवर प्रदीर्घ अभ्यास झाले. त्यांतल्या शेवटच्या टप्प्यात तारा जोडणाऱ्या १४ जणांच्या खोलीचं निरीक्षण झालं. या मंडळींनी आपसात ठरवलं होतं की दिवसाला किती काम ‘योग्य’. जास्त करणाऱ्याच्या दंडावर ठोसा बसायचा. जास्त कामासाठी जास्त पैसे मिळण्याची सोय असूनही गटाची मर्जी जड ठरली. मित्रमंडळाचं बळ इतकं असतं. ते कामाच्या बाजूने उभं राहू शकतं, तसंच कामाच्या आडही येऊ शकतं.

कंपूचं नुकसान आतल्यांनाही होतं. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखवलं की ज्यांना ओळखीतून नोकरीची बातमी मिळाली, त्यांच्यातल्या फक्त १६.७ टक्के लोकांची ती ओळख वारंवार भेटीतली होती. ५५.६ टक्क्यांची अधूनमधून भेटीची आणि २७.८ टक्क्यांची क्वचित भेटीची. जवळच्यांना तेच ठाऊक असतं जे आपल्याला ठाऊक असतं. नवी माहिती लांबच्या ओळखीतून येते. म्हणून आठवड्यातले दोन दिवस जेवायला दुसऱ्या टेबलावर बसा आणि आपल्या टेबलाशी एक खुर्ची मोकळी ठेवा. मोकळी खुर्ची दिसली की नवखा माणूस विचारायचं धाडस करतो.

सगळ्यांत जास्त घात होतो तो टेबलावर झालेल्या निर्णयांनी. प्रसंग असा असतो. जेवताना चौघं बोलत असतात, बोलता बोलता ठरतं की अहवालाचा दुसरा भाग आधी करायचा. चौघांनाही पटतं. गटातली पाचवी व्यक्ती त्या वेळी फोनवर असते. तीन दिवस ती पहिल्या भागावर काम करत राहते. बैठकीत कोणीतरी सहज म्हणतं, ‘ते तर आपण परवाच ठरवलं ना?’ त्या माणसाचा चेहरा पाहा. वाया गेलेल्या तीन दिवसांचं दुःख वेगळं. खरी बोच ‘आपण’ या शब्दात असते, कारण त्यात आपण नाही हे तेव्हा पहिल्यांदा कळतं.

उपाय दोन ओळींचा आहे. कामाचं काहीही गप्पांत ठरलं की त्याच दिवशी सगळ्यांच्या अधिकृत चॅटवर किंवा ईमेलवर लिहा: ‘जेवताना बोलणं झालं, असं सुचतंय. कोणाला वेगळं वाटत असेल तर उद्या अकरापर्यंत सांगा.’ मित्रांचा खासगी ग्रुप जरूर ठेवा, पण त्यावर कामाची फाइल, ग्राहकाची माहिती किंवा निर्णय टाकू नका.

६. मित्राच्या कामात चूक सापडली तर

भीड कशी चढते ते इथे नीट दिसतं. तपशिलात पाहू.

संध्याकाळचे सहा. उद्या सकाळी दहाला अहवाल वर जायचा आहे. तुम्ही शेवटची नजर फिरवताय आणि मित्राने केलेल्या तक्त्यात एकूण बेरीज जुळत नाही. शोधल्यावर दिसतं की मधली एक ओळ बेरजेच्या सूत्रातून सुटली आहे. मित्र आवराआवर करतोय.

चुकीचे मार्ग दोन. पहिला, गुपचूप दुरुस्त करून टाकणं. त्याला कळत नाही, पुढच्या महिन्यात तीच ओळ पुन्हा सुटते, आणि आपण त्याला सतत सांभाळून घेतोय ही अढी तुमच्या मनात बसते. दुसरा, काही न बोलता सकाळी सगळ्यांसमोर चूक दाखवणं. त्यानंतर मैत्री उरत नाही.

बरोबर मार्ग असा: आत्ताच, त्याच्या टेबलाशी जाऊन, हळू आवाजात, नेमक्या ओळीवर बोट ठेवून सांगायचं. ‘निघायच्या आधी हे बघ, चौदावी ओळ बेरजेत आलेली नाही. आकडा बदलेल. तू बदलतोस की आपण दोघं बसूया दहा मिनिटं?’ चूक मान्य करायला त्याला एकांत मिळाला, दुरुस्त करायला वेळ मिळाला, आणि दुरुस्ती त्याच्या हातून झाली. फाइलमध्ये दुरुस्तीची नोंद राहू द्या.

‘जाऊ दे ना, कोण बघतंय’ असं उत्तर आलं तर? तेव्हा दोन्ही हिशोब मोठ्याने वेगळे करा. ‘मित्र म्हणून मी तुझ्याबरोबर थांबतो, हवं तर रात्री नऊपर्यंत. पण हा आकडा असा पुढे जाऊ देणार नाही.’ हे वाक्य पहिल्यांदा जड जातं. एकदा म्हटलं की दोघांनाही कळतं की मैत्री कुठपर्यंत आहे, आणि पुढच्या वेळी म्हणावं लागत नाही.

कॅरन जेन आणि प्रीती शाह यांच्या १९९७ सालच्या अभ्यासात मित्रांच्या गटांनी नुसत्या ओळखीच्या गटांपेक्षा चांगलं काम केलं. बांधिलकी आणि सहकार्य जास्त होतं हे कारण तर होतंच. निर्णय घेण्याच्या कामात एकमेकांचं म्हणणं तपासून पाहण्याचाही हातभार होता. म्हणजे मैत्रीचा कामाला फायदा हवा असेल तर तपासणी सोडून चालत नाही.

बैठकीत मतभेद असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा: ‘उद्या मी तुझ्या मुद्द्याच्या विरोधात बोलणार आहे, कारण हे.’ बैठकीबाहेर अरे-तुरे असली तरी बाहेरच्या लोकांसमोर एकमेकांना नावाने, नेमस्त भाषेत हाक मारा. बाकीच्यांना मग वाटत नाही की इथे आधीच सगळं ठरलेलं आहे.

७. दोघांपैकी एक वरिष्ठ झाला तर

बढतीचं पत्र आल्यापासून पहिल्या आठवड्यात एकदा निवांत बसून बोलाच. ‘आपल्यात काही बदलणार नाही’ असं म्हणू नका. बदलणारच. काय बदलेल ते ठरवा: रजेचा अर्ज सगळ्यांसारखाच लेखी येईल. गोपनीय माहिती विचारायची नाही आणि सांगायची नाही. मूल्यमापनाच्या महिन्यात त्या विषयावर जेवणाच्या टेबलावर बोलायचं नाही.

तुम्ही वरिष्ठ असाल तर मूल्यमापन लिहिताना आधी वर्षभराची कामं तारखांसकट समोर ठेवा, मग गुण द्या. आधी गुण मनात ठरवून मग कारणं शोधली तर भीड आत शिरते. शक्य असेल तर दुसऱ्या वरिष्ठाला तपासायला सांगा आणि मैत्री असल्याचं स्वतःहून कळवा. उलट चूकही होते: पक्षपात दिसू नये म्हणून मित्राला मुद्दाम कमी गुण देणं. तोही अन्यायच.

मित्राची नेमणूक, बदली, चौकशी किंवा त्याच्या नातेवाइकाच्या कंपनीला काम देण्याचा प्रश्न आला तर त्या निर्णयातून लेखी बाजूला व्हा. एक ओळ पुरते.

८. पैसे, पासवर्ड, हजेरी

थोडक्यात. मित्राची हजेरी आपण लावायची नाही, आपला पासवर्ड द्यायचा नाही, त्याच्या नावाने सही करायची नाही. यात दोघांची नोकरी जाते. उसने पैसे द्यायचे तर परत आले नाहीत तरी चालेल एवढेच द्या, आणि हाताखालच्या माणसाकडून कधीच घेऊ नका. त्याला नाही म्हणता येत नाही.

९. घरून काम असेल तर

वाटेत भेट होत नाही, म्हणून ती ठरवावी लागते. आठवड्यातून एकदा एकाच माणसाशी पंधरा मिनिटांचा कॉल, कामाचा विषय न ठेवता. कॅमेरा चालू ठेवण्याचा आग्रह नको. पाच-सहा जणांच्या कॉलवर दोघंच बोलतात आणि बाकीचे ऐकतात, त्याने ओळख वाढत नाही. लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो, त्यामुळे थट्टा आणि टीका दोन्ही बोलूनच करा. ऑफिसात जायचे दिवस असतील तर ज्याच्याशी गट्टी आहे त्याचे दिवस विचारून आपले ठरवा.

१०. बिनसलं तर

एक रात्र जाऊ द्या, पण तीन दिवसांपेक्षा जास्त थांबू नका. अबोला लांबला की आजूबाजूचे बाजू घेऊ लागतात. समोरासमोर भेटा, ऑफिसच्या बाहेर किंवा रिकाम्या खोलीत. आधी कामाचं बोला: काय झालं, कोणती तारीख चुकली, पुढे कसं करायचं. त्यानंतर मनाचं: ‘तू सगळ्यांसमोर बोललास ते मला लागलं.’ दोन्ही एका वाक्यात आलं की कामाच्या चुकीचं उत्तर मनाच्या दुखण्याने दिलं जातं आणि काहीच सुटत नाही. तिसऱ्याला वकील करू नका.

जुळलंच नाही तर किमान एवढं पाळा: नमस्कार, वेळेत उत्तर, कामाची पूर्ण माहिती, आणि त्याने विश्वासाने सांगितलेलं तोंडातून बाहेर नाही. मैत्री संपली तरी हे शेवटचं संपत नाही. आणि जिथे छळ, धमकी किंवा फसवणूक असेल तिथे जुन्या मैत्रीची भीड धरू नका. तारीख, वेळ आणि नेमके शब्द लिहून ठेवा आणि तक्रार करा.

११. कोणी नोकरी सोडली तर

निघण्याच्या आठवड्यात सगळे भेटवस्तू आणि फोटोत गुंतलेले असतात, मैत्री गळते ती त्यानंतर. रोजची वीस मिनिटं बंद होतात आणि त्यांच्या जागी काहीच येत नाही. शेवटच्या दिवसाआधी खासगी नंबर घ्या, ऑफिसचा ईमेल पत्ता दुसऱ्या दिवशी बंद होतो. फोनवर तीन आठवड्यांनंतरची आठवण लावा. नव्या जागी गेलेला माणूस तोवर गोंधळलेला आणि एकटा असतो, अगदी पहिल्या आठवड्यात तुम्ही होतात तसा. जुन्या ऑफिसच्या बातम्या सांगायला फोन करू नका, आणि नव्या ऑफिसची गोपनीय माहिती विचारू नका. विचारा की तिथे बसायला जागा कुठे मिळाली, आणि जेवायला कोणाबरोबर जातोस.